तारेला टोचलेली चिठ्ठी

दसरा सरला की आमच्या गावच्या शाळेच्या सूचना वाढतात. पावसाळ्यात आठवड्याला एखादी यायची, ती आता दिवसाला दोन-तीन येतात, मोबाईलवर, पालकांच्या गटात. सहामाही परीक्षा सोमवारपासून आहे, मुलांना पॅड आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली देऊन पाठवावे. नखे कापावीत. जंताच्या गोळ्या देणार आहेत, मुलांना उपाशीपोटी पाठवू नये. शाळेत तीन डबे, डाव्या पायाची एक चप्पल आणि एक स्वेटर सापडला आहे, ज्यांचे असेल त्यांनी ओळख पटवून न्यावे. आणि कापूस फुटला की दरवर्षी न चुकता येणारी ती एक: वेचणीचा हंगाम सुरू झाला आहे, कृपया मुलांना शाळा बुडवून शेतात नेऊ नये.

या गटात सगळ्यात म्हातारी मी. म्हणजे असेन चोपन्न-पंचावन्नची. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर असते आणि मला दाखलाच नाही, त्यामुळं वय मी सोयीनं सांगते. बसमध्ये जागा हवी असली की साठ, दवाखान्यात पन्नास.

गटात मला घेतलं ते नातीमुळं. नात म्हणजे लेकीची मोठी, चौथीत आहे. लेक आणि जावई जालन्याला राहतात. जावई एमआयडीसीत लोखंडी सळयांच्या कारखान्यात, लेक तिथंच जवळ बियाण्यांच्या कारखान्यात. दीड वर्षापूर्वी लेकीला दुसरी मुलगी झाली, तेव्हा मोठीला माझ्याकडं, भोकरदनच्या पलीकडं आमच्या खेड्यात आणून सोडली. पाळीवर असताना लेकीचा फोन कुलपात असतो, म्हणून मॅडमनी माझा नंबर घेतला. मी गटात शिरले त्या दिवशी ‘मुलांची नखे कापावीत’ ही सूचना आली होती. मी खाली टाकलं, ‘आज्ज्यांची पण कापायची का?’ मॅडमनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तेव्हापासून माझ्या प्रश्नांना त्या चित्रच पाठवतात.

हे सगळं मी वाचते आणि लिहिते, याचं कौतुक मला सोडून कुणाला राहिलेलं नाही. पण मला आहे, कारण पाच वर्षांपूर्वीपर्यंत मला माझं नाव म्हणजे एक वाकडातिकडा डाग वाटायचा. माझ्या तरुणपणच्या त्या बाईला, म्हणजे मलाच, मी बाईसाहेब म्हणते, कारण तिचा रुबाबच तसा होता. अक्षर एक येत नव्हतं, पण येत नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. एकदा भोकरदनच्या स्टँडवर जालन्याला जायचं म्हणून बाईसाहेब पाटीकडं बघून, मान हलवून, ऐटीत बसमध्ये बसल्या. बस निघाली औरंगाबादला. तेव्हा औरंगाबादच म्हणायचे. निम्म्या वाटेत कंडक्टरनं विचारलं, तर म्हणाल्या, मला इथंच उतरायचं होतं. उतरल्या. उन्हात दोन तास उभ्या राहिल्या. कुणाला विचारलं असतं तर काही झिजलं नसतं, पण विचारलं तर कळलं असतं ना.

आमच्या घरात एक तार होती, अजून आहे. तुमच्याही घरी असेल. वरून आकड्यासारखी वाकवलेली, खाली पत्र्याची चकती, खुंटीला टांगलेली. घरात येणारा प्रत्येक कागद बाईसाहेब त्या तारेत टोचायच्या. रेशनची पावती, लाइटचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, कुणाच्या लग्नाची पत्रिका, शाळेचे कागद. वाचता येत नव्हतं, म्हणून कोणता कागद कामाचा आणि कोणता नाही हे कळायचं नाही, आणि कळायचं नाही म्हणून एकही फेकायची हिंमत नव्हती. ती तार टांगलेली होती बरोबर त्या फोटोखाली, जो आमच्या वस्तीत प्रत्येक घरात आहे. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. लग्न होऊन आल्यापासून मी रोज त्या फोटोपुढं हात जोडत होते आणि हातातल्या पुस्तकाकडं नीट पाहिलं नव्हतं.

आमचे हे गेल्यावर घर खायला उठायचं. त्या वर्षी आमच्या विहारात बायकांसाठी वाचायला शिकवायचा वर्ग निघाला, म्हणून वेळ घालवायला जाऊन बसले. तिथं मला बाराखडी आली. पण वाचायला खरं शिकवलं नातीनं. ती आली तेव्हा दुसरी संपवून आली होती. शाळा सुटली की तारेवरचा वरचा कागद काढायची आणि म्हणायची, वाच आज्जी. अडले की डोळे मोठे करायची, हुबेहूब मॅडमसारखे. रोज एक कागद. तारेत नवा कागद वर असतो आणि जुना खाली, त्यामुळं आम्ही दोघी वाचत वाचत मागं मागं निघालो. यांच्या शेवटच्या दुखण्याच्या चिठ्ठ्या आल्या, त्या मी गप्प वाचल्या. मग लेकीच्या लग्नाची पत्रिका आली. मग बिलं, बिलं, बिलं.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती मी पंचवीस वर्षं हसत हसत सांगत आले. कापसाच्या ओळीत सांगितली, बचत गटात सांगितली, सोयरीक जुळवायला पाहुणे आले तेव्हा त्यांनाही सांगितली. ती अशी, की माझी लेक चौथीत असताना तिच्या गुरुजींनी तिच्याच हाती घरी चिठ्ठी पाठवली. मला वाचता येत नाही हे पोरीला माहीत. मी म्हणाले, वाच. तिनं वाचलं, ‘शाळेला सुट्टी आहे. मुलांना घरी ठेवावे.’ मी खूश. घेऊन गेले तिला वेचणीला. तिची बोटं बारीक आणि चपळ, बोंडातून कापूस असा काढायची की काडी-कचरा लागायचा नाही. दिवाळीची सुट्टी गेली, सुट्टीनंतरचेही कितीतरी दिवस गेले. मग होळी झाल्यावर भोकरदनच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगापुढं, गुरुजी भेटले. म्हणाले, तुम्ही सहीला आलाच नाहीत, मुलीची परीक्षा गेली. मी म्हणाले, कसली परीक्षा? तेव्हा कळलं की पोरीनं चिठ्ठी खोटी वाचली होती. जगातली सगळी पोरं काम टाळायला खोटं बोलतात, माझी शाळा टाळायला बोलली.

इथं ऐकणारे हसायचे. मी सगळ्यात जास्त हसायची. घरी येऊन मी तिला एक धपाटा घातला होता, तोही हसत, हे मी शेवटी सांगायची. पाहुण्यांना सांगितलं तेव्हा लेक आत चहा गाळत होती. बाहेर आली, कप ठेवले, गेली. हसली नाही. ती या गोष्टीला कधीच हसली नाही. मला वाटायचं, लाजते.

आमच्या शाळेत तेव्हा चौथीपर्यंतच होतं. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं. ते मग राहूनच गेलं. मी म्हणायची, तिलाच नव्हती आवड.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही त्या चिठ्ठीपाशी पोचलो. वहीचा अर्धा कागद, पिवळा पडलेला, मधोमध तारेचं भोक, भोकाभोवती गंजाचं तांबडं कडं. अक्षर सुंदर, गुरुजींचं. नात म्हणाली, वाच आज्जी. मी बोट ठेवून वाचलं.

‘पालकांस, आपली मुलगी अभ्यासात हुशार आहे. तिला शिष्यवृत्ती परीक्षेस बसवायचे आहे. फॉर्मवर सही किंवा अंगठा देण्यासाठी सोमवारी शाळेत यावे. दिवाळीच्या सुट्टीत जादा तास होतील, तिला रोज पाठवावे. कामाला नेऊ नये.’

मी हसले. नातीला म्हणाले, बघ, तुझ्या आईची चोरी सापडली. आणि ती गोष्ट तिलाही सांगितली, धपाट्यासकट. नात हसली नाही. तिनं चिठ्ठी हातात घेतली, उलटी करून पाहिली, मागं काही लिहिलंय का म्हणून. मग म्हणाली, “पण आज्जी, आईला तर शाळा आवडायची. ती अजून माझी पुस्तकं वाचती.”

मी म्हणाले, असेल, आता अक्कल आली. चिठ्ठी घडी करून कंबरेच्या पिशवीत ठेवली. जालन्याला गेले की लेकीला दाखवून चिडवायचं, असं ठरवलं. मी चिडवण्याच्या बाबतीत कुणाला सोडत नाही.

त्याच आठवड्यात मॅडमची सूचना आली. इयत्ता चौथीच्या खालील मुलांना शिष्यवृत्ती परीक्षेस बसवण्यात येत आहे. सोबत दिलेल्या संमतीपत्रावर आई किंवा वडिलांची सही घेऊन सुट्टीनंतर पहिल्या दिवशी आणावे. सुट्टीनंतर रोज जादा तास होतील. खाली सहा नावं होती, नातीचं दुसरं. मी ते नाव इतक्या वेळा वाचलं की मोबाईल तापला.

आणि दोनच दिवसांनी लेकीचा फोन आला. शेजारची बाई, जी धाकटीला सांभाळायची, ती खोली सोडून गेली होती. कारखान्यात हंगाम, सुट्टी मागितली तर कायमची मिळेल. जावयाच्या पाळ्या उलट्यासुलट्या. लेक म्हणाली की दिवाळीला येताना मोठीची सगळी पुस्तकं-कपडे घेऊनच ये, सुट्टी संपली की शाळेतून दाखला काढू, ती इथं राहील, धाकटीला बघील. मी विचारलं, आणि शाळा? ती म्हणाली, इथं घालू की जवळ. मी म्हणाले, शाळेत गेली तर धाकटीला कोण बघंल? ती म्हणाली, माझी पाळी आहे, ठेवते.

खरं सांगते, मला राग आला. मला वाटलं, ही अशी कशी? हिला पोरीचं काहीच कसं नाही? आणि मी मनात ठरवलं की ती चिठ्ठी आता चिडवायला नाही, तोंडावर मारायला न्यायची. बघ, तू तेव्हाही असंच केलंस, आताही तेच करून राहिलीस, असं म्हणायचं. बाईसाहेब मेल्या नव्हत्या. त्या माझ्या आतच बसल्या होत्या, तार धरून.

शाळेला सुट्टी लागली. जाताना मॅडमनी गटावर लिहिलं, मुलांकडून रोज एक पान शुद्धलेखन करून घ्यावे, फटाक्यांपासून सांभाळावे. मी नातीचं दप्तर, कपड्यांची पिशवी, ज्वारीचं पीठ आणि लसणाची चटणी घेऊन बस पकडली. जालन्याच्या. पाटी मी दोनदा वाचली, मोठ्यानं, म्हणून आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या.

लेकीची खोली म्हणजे एक पत्रा, एक पलंग, एक गॅस. धाकटी मला विसरली होती, रडली, मग माझ्या नाकातल्या फुलीला हात लावून गप्प झाली. तिचं अंगावरचं तोडून दोन महिने झाले होते. जावई दुपारपाळीला गेलेले. लेक संध्याकाळी आली. बियाण्याला औषध लावतात त्याचा गुलाबी रंग तिच्या बोटांना बसलेला असतो, कितीही घासलं तरी नखांच्या कडेनं राहतो. ती बोटं मी लगेच ओळखते. हातमोजे देतात, ती म्हणाली, पण मोज्यांत बी निसटतं, मंग काढावे लागतात. अजूनही सगळ्यांत साफ निवडते असं तिची मुकादम म्हणते, हे तिनं मला सांगितलं, थोडं अभिमानानं.

जेवणं झाली. नात दारात धाकटीला घेऊन बसली. मी पिशवीतून चिठ्ठी काढली आणि लेकीपुढं धरली. सगळं पाठ करून आले होते, पण तोंडातून जुनी सवयच निघाली, चिडवायची.

“सापडली बघ तुझी चोरी. आता मला बी वाचता येतं.”

लेकीनं घडी हातात घेतली. भोकातून गंज तिच्या बोटाला लागला, गुलाबीवर तांबडा. तिनं ती उघडली नाही. घडी तशीच धरून, भिंतीकडं बघत, ती म्हणाली, “पालकांस. आपली मुलगी अभ्यासात हुशार आहे. तिला शिष्यवृत्ती परीक्षेस बसवायचे आहे.”

सगळी म्हणाली. सोमवारपर्यंत, सहीपर्यंत, अंगठ्यापर्यंत. एक शब्द इकडचा तिकडं नाही. शेवटचं ‘कामाला नेऊ नये’ म्हणाली आणि थांबली.

मी म्हणाले, “मंग माहीत होतं तर मला सुट्टीचं कामून वाचून दाखवलंस?”

“मी पयल्यांदा हेच वाचलं होतं, माय.”

“न्हाई. तू म्हणलीस सुट्टी आहे.”

“पयल्यांदा हेच वाचलं. तू म्हणलीस, असं कसं लिव्हतील गुरुजी, परत वाच. मी परत वाचलं. तू म्हणलीस, नीट वाच. तू दारात उभी होतीस. मंग मी तुला पाह्यजे तसं वाचलं.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हरत नाही.

मी म्हणणार होते, मला असं काही आठवत नाही. तेच म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी मला आठवलं. सकाळ होती. बाहेर मजुरांचा टेंपो उभा, बायका हाका मारत होत्या. माझ्या कमरेला वेचणीची झोळी बांधलेली होती. आणि हातात दुसरी झोळी होती. लहान. माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची, आदल्या दिवशी मी हातानं शिवलेली, तिच्या कमरेच्या मापाची. नाडीची गाठसुद्धा मारून ठेवली होती. म्हणजे पोरीनं चिठ्ठी उघडायच्या आधीच बाईसाहेबांनी उत्तर शिवून तयार ठेवलं होतं. पोर नऊ वर्षांची होती. ती आधी कागदाकडं बघत होती. तिसऱ्यांदा वाचताना ती कागदाकडं बघत नव्हती, माझ्या हातातल्या झोळीकडं बघत होती. हेही मी तेव्हा पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पंचवीस वर्षं गोष्ट सांगताना तेवढंच गाळलं होतं.

आणि वर धपाटा. आणि पाहुण्यांपुढं हसू.

मला तिची माफी मागायची होती, पण आमच्यात तसं बोलायची रीत नाही, शब्दच हाताशी नव्हते. ती उठून भांडी घासायला लागली. तिच्या पाठीला मी म्हणाले, “बराबर वाचलं होतंस तू.”

भांड्याचा आवाज थांबला.

“तवा एवढंच म्हणायचं होतं, माय,” ती म्हणाली. आणि पुन्हा घासायला लागली.

पुढचे चार दिवस आम्ही दिवाळीच्या दिवसांत जे करतात ते करत राहिलो. चकल्या केल्या, त्या मोडल्या, मोडक्या माझ्या वाट्याला. नातीनं खोलीबाहेर मातीचा हातभर किल्ला केला, धाकटीनं त्यावर बसून तो जिंकला. लेक माझ्याशी नेहमीसारखी बोलत होती, चहा होऊ दे का, पाय दुखून राह्यले का. पण त्या गोष्टीबद्दल ती बोलली नाही आणि मीही नाही. मी एकदाच म्हणाले की मी इथंच राहते धाकटीला बघायला, पोरीला इथं शाळेत घाल. ती म्हणाली, “मंग तिची ती परीक्षा?” परीक्षेचं मी तिला बोललेच नव्हते. नातीनंही नाही. तिनं रात्री पाळीहून आल्यावर पोरीचं दप्तर उघडून पुस्तकं वाचली होती, तेव्हा तो कागद सापडला असावा.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं नातीला हाक मारली. दप्तरातून संमतीपत्र आणायला लावलं आणि म्हणाली, “वाच.”

नातीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग वाचायला लागली, शाळेतल्यासारखी, सरळ उभी राहून. लेक जेवणाचा डबा भरत होती, तिची पाठ आमच्याकडं. पोरीनं शेवटपर्यंत वाचलं. पालकांची सही, असं म्हणून थांबली. लेकीनं ओले हात पुसले, पेन मागितलं, कागद पलंगाच्या कडेवर ठेवला आणि सही केली. चौथी शिकलेल्या बाईची सही, एकेक अक्षर सुटं, पण रेषेवर. मग मला म्हणाली, “घेऊन जा.”

“आणि धाकटी?”

“तिला बी.”

मी म्हणाले, ती अजून लहान आहे, तुला सोडून राहील का. लेक म्हणाली, राहील, पोरं चार दिवसांत विसरतात. ही गोष्ट सांगताना ती धाकटीचे कपडे घडी घालत होती, आणि एकच झबलं तिनं तीनदा घडी घातलं. मी नाही म्हणू शकले असते. मी म्हणाले नाही. कारण नाही म्हटलं असतं तर मोठीची परीक्षा जाणार होती, आणि हो म्हटलं तर लेकीची दोन्ही लेकरं जाणार होती, आणि हे वाटे असे पडले होते ते कुणामुळं, हे त्या खोलीत मला एकटीलाच पुरतं माहीत होतं. लेकीलाही माहीत होतं, पण ती बोलणार नव्हती. तिला लहानपणीच सवय लागली होती, समोरच्याला हवं ते वाचून दाखवायची.

जालन्याच्या स्टँडवर ती आली, पण बस सुटेपर्यंत थांबता आलं नाही, पाळीची वेळ झाली होती. खिडकीतून तिनं धाकटीचा पाय धरला. धाकटीला वाटलं खेळ आहे, ती हसून पाय ओढून घ्यायची, पुन्हा द्यायची. लेक तीन वेळा पाय धरून हसली. चौथ्या वेळी पाय पुढं आला तेव्हा ती स्टँडच्या दारापाशी पोचली होती, मागं न बघता. नात माझ्या पलीकडं बसून समोर उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत होती, एकामागून एक, भोकरदन, परतूर, अंबड, तीर्थपुरी. आईकडं बघायला नको म्हणून वाचत होती. मी तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडली. मी स्वतः गेले, धाकटीला काखेत घेऊन, संमतीपत्र मॅडमच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, मोबाईलवर फोटो पाठवला असता तरी चाललं असतं. मी म्हणाले, चाललं असतं, पण मला यायचं होतं. पंचवीस वर्षं उशीर झालाय, असं तोंडावर आलं होतं, पण मॅडम तेव्हा जन्मल्या तरी होत्या का कोण जाणे. त्यांनी कागद घेतला आणि पोरांची नाकं पुसायला वळल्या.

गुरुजींची ती चिठ्ठी मी परत आणली नाही. लेकीनं ठेवून घेतली. मी मागितलीही नाही. घरी आल्यावर तार उतरवली, तिच्यात आता थोडेच कागद उरले होते, लेकीच्या लहानपणीचे. ते वाचायचं मी थांबवलं आहे. नात रोज विचारते, आज कोणता, आणि मी सांगते की आता तुझा अभ्यास कर, जादा तासाची गणितं कर.

सूचना येतच आहेत. पहाटे थंडी पडू लागली आहे, मुलांना स्वेटर घालून पाठवावे. शिष्यवृत्तीच्या मुलांनी अर्धा तास लवकर यावे. शनिवारी पालक सभा. तो सापडलेला स्वेटर अजून कुणी नेलेला नाही. पाळी संपली की लेकीचा फोन येतो. पोरी कशा आहेत हे ती आधी विचारत नाही. ती विचारते, आज शाळेचं काय आलं? मी चष्मा लावते आणि वाचते. वाचायचा आणि बोलायचा फोन एकच आहे, म्हणून आधी सगळं वहीत उतरवून ठेवावं लागतं, माझ्या वाकड्या अक्षरात. मग वहीतून वाचते.

पहिल्या दिवशी वाचून झालं तेव्हा ती म्हणाली, “परत वाच, माय.”

माझ्या हातातली वही खाली आली. मला वाटलं, हिशेब चुकता करून राहिली. मी परत वाचलं, शब्द न शब्द तोच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, परत वाच. तिसऱ्या दिवशी मागं मशीनचा आवाज नव्हता, ती खोलीत होती, आणि मला तिचा श्वास ऐकू आला. तेव्हा कळलं. तिला चूक धरायची नव्हती. स्वेटर, डबा, अर्धा तास लवकर, यातून ती आपल्या पोरींना सकाळी उठवत होती, तयार करत होती, शाळेत सोडून येत होती. एकदा वाचण्यात ते पुरं होत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहीत नाही. धाकटी परवापासून मला माय म्हणायला लागली आहे. मी तिला रोज सांगते, मी आज्जी, आज्जी म्हण. ती हसते, माझी फुली धरते आणि पुन्हा तेच म्हणते. हे लेकीला मी सांगितलेलं नाही. फोन आला की धाकटीला नातीजवळ अंगणात पाठवते आणि दार लोटून घेते.

मग वही उघडते, पहिल्या ओळीवर बोट ठेवते. आदरणीय पालक, असं तिथं लिहिलेलं असतं. मी ते तिला वाचून दाखवते, आणि ती म्हणते, परत.